धुरी द्यायची का नीट पिसायचं?

कोल्हापुरात गंगावेशीत धारा काढायला म्हशी उभ्या राहिल्या की कट्ट्यावर जागा उरत नाही. पावसानं जरा उघडीप दिली होती. टॅरोच्या पत्त्यांवर भविष्य बघणाऱ्या ताईंनी पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला आणि छापखान्यातल्या भावड्यानं एका हातात दुधाचा पेला धरून दुसरा हात पुढं केला. बोटांवर फेस.

"हात पूस आधी!"

"शिवलं की ऊर्जा बिघडती व्हय?"

"ऊर्जेचं नंतर बघू. साय लागली की पत्ते एकमेकांना चिकटतात."

वाद इथनंच पेटला: एकाचं बघून झालं की पुढच्यासाठी कॅट शुद्ध कसा करायचा? पूजा-साहित्याच्या दुकानातल्या मामांचं म्हणणं, कॅट शुद्ध करायचा तर लोबानाची धुरी द्यावी, मिठात पुरावा, पौर्णिमेला गच्चीवर ठेवावा. गणिताचे सर हसले. "पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निघाले ते डाव खेळायला. भविष्याचं खूळ वाढलं अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. मधली तीनशे वर्षं धुरी कोण देत होतं?"

"खेळणारा आपलं रडगाणं पत्त्यांवर ओतत नव्हता, सर," ताई म्हणाल्या. "एकाचं घटस्फोटाचं बघून झालं आणि लगेच दुसऱ्याचं नोकरीचं काढलं, तर पहिलं डोक्यातनं जात नाही. मधी काहीतरी करावं लागतं."

"ते करा की. फक्त कागदाला मारू नका," भावड्या म्हणाला. "मिठात पुरायचं तर विसराच. हवेतली ओल 75 टक्क्यांवर गेली की मीठ पाणी सोडतंय, आणि आपल्या आषाढ-श्रावणात ती त्याच्या वरच असती. कार्ड 300-350 जीएसएमचं, म्हणजे जाड, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, पण कड उघडीच. ओल तिथनं शिरती, कड फुगती, लॅमिनेशन सुटून पांढरी रेघ दिसाय लागती. खडे मीठ असलं तर ओरखडे वेगळे."

मामांना हे लागलं. पण उत्तर त्यांनीच काढलं. "आपण पोराची दृष्ट काढताना पोराला मिठात पुरतो काय? मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या आणि विस्तवात टाकायच्या. कॅट कापडात गुंडाळून पाटावर ठेव, मूठभर मीठ तीनदा ओवाळ, टाकून दे."

यावर कुणालाच बोलता आलं नाही. सरांनासुद्धा.

धुरीवर मात्र मामा हटेनात, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोण नाही. कोळशावर राख धरली की हरभऱ्याएवढा लोबानाचा खडा टाकायचा. सुपारीएवढा टाकला की घरभर धूर आणि कॅटवर राळ. पहिला दाट लोट जाऊ द्यायचा. मग दहा-दहा पत्त्यांचा पंखा करून निखाऱ्याच्या हातभर वरून दोन-तीनदा फिरवायचा, की झालं. धुरातली राळ थंड होऊन पत्त्यावर बसते आणि पिसताना पत्ते अडखळतात, म्हणून लगेच मऊ कोरड्या कापडानं पुसायचं. कापराची आरती करायची नाही, त्याची काजळी पांढऱ्या कडेतनं निघत नाही. आणि धुरीसाठी कॅलिफोर्नियातला पांढरा सेज नावाचा पाला हजारो मैलांवरनं मागवण्यापेक्षा लोबान काय वाईट, हे मामांचं म्हणणं सगळ्यांनीच मानलं. (दुकान त्यांचं आहे, ही गोष्ट वेगळी.)

चांदण्याचं लवकर मिटलं: गच्चीवर दव पडतं, तेव्हा कॅट खिडकीच्या आत काचेमागं ठेवायचा आणि ऊन यायच्या आत उचलायचा. "उन्हानं पिवळा आणि मजेंटा आधी उडतोय," भावड्या म्हणाला. "दुकानाच्या काचेवरची जुनी पोस्टरं निळी पडत्यात, तसंच."

"पण पावसाळ्यात कॅट जड लागतो, त्याचं काय? माणसांचा भार चढतो म्हणतात," ताई म्हणाल्या.

"पाण्याचा चढतोय. पत्ते वाकल्यात बघा." भावड्यानं एक पत्ता सपाट धरला, मधला भाग पुलासारखा वर आलेला. "दोन सपाट फळ्यांमधी ठेवा, वर तीन-चार किलो वजन, शेजारी बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि सगळं डब्यात बंद. दोन-तीन दिवस. ड्रायर मारू नका, एक बाजू आधी वाळती आणि पत्ता उलटा वाकतोय."

मग ताईंनी आपली पद्धत सांगितली आणि खरा वाद तिथं झाला. त्या कॅट क्रमानं लावतात. आधी मोठे 22, शून्य क्रमांकाच्या फूलपासून 21 व्या वर्ल्डपर्यंत. मग चार रंग, वाँड्स, कप्स, सोर्ड्स, पेंटॅकल्स, प्रत्येकी एक्क्यापासून राजापर्यंत 14. सगळे सुलटे. "1909 च्या रायडर नावाच्या कॅटात स्ट्रेंथचा पत्ता 8 आणि जस्टिसचा 11. जुन्या मार्सेय नावाच्या कॅटात बरोबर उलट. म्हणून पाठ असलेला आकडा नाही, छापलेला बघायचा. दहा-बारा मिनिटं जातात, तेवढ्यात मागचा माणूस डोक्यातनं उतरतो. शेवटी कॅटवर तीन टकटक."

"क्रमानं लावल्यावर पिसता किती वेळा?" सरांनी विचारलं.

"हातात घेऊन सात-आठदा."

"मग पुढच्या माणसाला तीन कप्स ओळीनं आले तर ते त्याचं नशीब नाही, तुमचा क्रम आहे. हातात गठ्ठे खालीवर करून शेजारशेजारचे पत्ते फार सुटत नाहीत. 52 पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत फरफर सोडला तर सातदा पुरतो, हे 1992 मध्ये गणितानं दाखवलं गेलं. गठ्ठे खालीवर करून तेवढंच मिसळायचं तर शेकड्यांनी नाही, हजारांनी वेळा लागतं. आणि हे तर 78."

"फरफर सोडलं की जाड पत्ता मधी मोडतोय," भावड्या म्हणाला. "टेबलावर पालथे पसरा, दोन्ही तळव्यांनी गोल ढवळा. दोनेक मिनिटं."

"ढवळलं की सुलटे-उलटे पण होतात," ताई म्हणाल्या. "मी सगळे सुलटेच वाचते."

"मग ढवळताना पत्ता पाव वर्तुळाच्या पुढं फिरू देऊ नका."

"ते तू करून दाखव."

भावड्यानं हात पुसले, पंचा अंथरला. ढवळण्याआधी मोजायचं ठरलं. सरांनी मोजले: 80.

"दोन जादा?"

"जाहिरातीचे असतील. छपाईच्या शीटवर जागा रिकामी कोण सोडतंय?"

ताईंनी दोन्ही शोधून बाजूला काढले. मामांनी ते उचलून उलटेसुलटे बघितले.

"ह्यास्नीबी धुरी द्यायची काय?"