अळी तीच, जनुकही तेच

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. वर्धा जिल्ह्यात आमची आठ एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यात पाच एकर कपाशी. म्हणाला, ‘‘यंदा अर्ध्या गावानं चोरबीटी लावली.’’ चोरबीटी म्हणजे तणनाशक सहन करणारं, पण सरकारी मान्यता नसलेलं बियाणं. त्याची पावती मिळत नाही, आणि उगवलं नाही तर तक्रारही करता येत नाही. घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. पुण्याचा आतेभाऊ म्हणाला, जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक, हे विषच. मामा म्हणाले, तंत्रज्ञान अडवणारे शेतकऱ्याचे वैरी. २०१९च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने हेच बियाणं जाहीरपणे पेरून कायदेभंग केला, तेव्हा मामा तिथे हजर होते.

मी पंधरा वर्षं अ‍ॅरिझोनात, टूसॉनला राहतो. शहराबाहेर मरानाच्या बाजूला गेलं की रस्त्यालगत कापूस दिसतो. मला या दोघांचंही पटत नाही, आणि त्याला कारण आहे कपाशीचं बोंड आतून पोखरणारी गुलाबी बोंडअळी.

आतेभावासाठी आधी थोडं मुळातलं. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी, नावाचा जिवाणू असतो. त्याच्या डीएनएतला एक तुकडा, म्हणजे एक जनुक, असं प्रथिन बनवतो की ते अळीच्या आतड्याला भोकं पाडतं. शास्त्रज्ञ हा तुकडा विकरांच्या, म्हणजे एन्झाइम्सच्या, कात्रीने कापतात, दुसऱ्या विकराने वर्तुळाकार डीएनएत जोडतात, आणि वनस्पतीत स्वतःचा डीएनए सोडण्याची सवय असलेल्या एका वेगळ्या जिवाणूकरवी कपाशीच्या पेशीत पोचवतात. हीच बीटी कपाशी. ते प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यातच काम करतं, आणि तेही तिथे त्याला चिकटायला जागा असते म्हणून. आपल्या पोटातल्या आम्लात ते पचून जातं. माझी आत्या रोज जे इन्सुलिन टोचून घेते, तेही माणसाचं जनुक जिवाणूत घालूनच तयार होतं. १९८२पासून असं इन्सुलिन औषध म्हणून मिळतं. तिला त्याला कुणी विष म्हटलेलं चालणार नाही.

आता मामांसाठी. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झालं ते १८४३ साली, भारतातल्या नमुन्यांवरून. पुढे ती जगभर पसरली आणि १९१७मध्ये टेक्सासात सापडली. अमेरिकेत बीटी कापूस १९९६ला आला, भारतात २००२ला. जनुक तेच होतं. २०१८मध्ये अमेरिकेने आपला कापूसपट्टा या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी विदर्भात तिने बोंडंच्या बोंडं पोखरली होती. फवारणी करता करता यवतमाळात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, तेही त्याच हंगामात.

मी त्या डिसेंबरात गावी होतो. दादाने एक हिरवं बोंड नखाने उकललं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्यामध्ये अळी बसलेली, फिकट गुलाबी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. रुई पिवळी पडलेली. दादा काही बोलला नाही, पुढचं बोंड तोडलं. तेही तसंच.

अ‍ॅरिझोनात काय वेगळं झालं, ते मला कापूस करून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने सांगितलं. शेताचा काही भाग बिगरबीटी ठेवायचाच, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीला दाद न देणाऱ्या, म्हणजे प्रतिकारक, पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. ठरलेल्या तारखेच्या आत सगळ्यांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, तोडून नांगरून टाकायची. मग २००६पासून बिगरबीटी भागाची सक्ती काढली आणि त्याऐवजी विमानातून अब्जावधी वांझ पतंग सोडले. त्या पतंगांना अळी असतानाच लाल रंग घातलेलं खाद्य दिलेलं असायचं. सापळ्यातला पतंग चिरडला आणि कागदावर लाल डाग पडला, तर तो आपला. नाही पडला तर रानातला. शेजारी सांगत होता, सुरुवातीला बिनरंगी बरेच सापडायचे, मग कमी होत गेले आणि शेवटी एकही मिळेना.

आपल्याकडे ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं यायचं. ‘रेफ्युजी’ म्हणायचे त्याला. मी गावात होतो तेव्हा आमच्या घरचं रेफ्युजी पाकीट बांधावर टाकलेलं मी स्वतः पाहिलंय. पण त्याचा दोष मी दादाला देणार नाही. पाच एकरातलं एक एकर अळीला सोड, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय आपल्याकडे हे जनुक लांब मुदतीच्या संकरित वाणांत घातलं. संकरित झाडाच्या बोंडात काही सरक्यांत अळीसाठीचं विष असतं, काहींत नसतं. त्यात तगलेल्या अळ्यांचीच पुढची पिढी वाढते. त्यावर फरदड, म्हणजे पाणी देऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओढायचं. अळीला वर्षभराचं जेवणच मिळालं! अमेरिकेत सरळ वाण लावतात, त्यांचं बियाणं शुद्ध असतं आणि प्रत्येक सरकीत विष असतं.

मामांना आणखी एक सांगायचंय. ज्या अमेरिकेने अळी संपवली, तीच अमेरिका तणापुढे हरतेय. तणनाशक सहन करणारा कापूस आला, सगळ्यांनी सगळीकडे एकच औषध मारलं, आणि राजगिऱ्याच्या कुळातलं एक तण त्याला जुमानेनासं झालं. आता काही शेतांत ते पुन्हा हाताने उपटतात. चोरबीटी कुठलीही पाहणी न होता गावोगाव पसरतेय, तिचं दुसरं काय होणार? आणि निंदणाला मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, ही दादाची अडचण शंभर टक्के खरी आहे. म्हणून मला वाटतं, सरकारने हे बियाणं तपासून एकदाचा निर्णय द्यावा. मान्यता द्यायची तर पावतीसह, अटींसह. नाही द्यायची तर कारणं मराठीत छापून गावात लावा. वर्षानुवर्षं डोळेझाक करणं हे शेतकऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे.

हे सगळं मी दादाला सांगितलं. कमी मुदतीचे सरळ वाण, सघन लागवड, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून हरभरा. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘मी उपटीन रे. पण शेजारच्यानं मार्चपर्यंत उभी ठेवली, तर त्याचे पतंग माझ्याकडे यायचे थांबतील का?’’

थांबणार नाहीत. अ‍ॅरिझोनात सगळ्यांनी ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी पाडली, कारण तारीख कायद्याने ठरली होती आणि आपला खर्च वाया जाणार नाही याची शेतकऱ्याला खात्री होती. आमच्या तालुक्यात ती तारीख कोण ठरवणार, आणि फरदडीचे बुडालेले पैसे दादाच्या शेजाऱ्याला कोण देणार, हे ग्रुपवर अजून कुणीच विचारलेलं नाही. आज रात्री मी विचारणार आहे.