अंगठा हलतोय म्हणजे नर्व्ह शाबूत, असं नाही

अंगठ्याच्या नर्व्हवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही सविस्तरच देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अंगठ्याच्या बुडाशी काच लागून मीडियन नर्व्हची (हाताच्या तीन मुख्य नर्व्हपैकी एक) रिकरंट शाखा (अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूंना जाणारी) तुटल्याचं निदान झालेला तुमचा नातेवाईक अंगठा सगळीकडे हलवतो; म्हणजे मी एका चिमुकल्या शाखेचा बाऊ केला. हाताची खरी नर्व्ह अल्नर, म्हणजे करंगळीच्या बाजूने येणारी. आणि असलं लिहून मी कार्पल टनेलच्या (मनगटात दबलेली मीडियन मोकळी करण्याच्या) ऑपरेशनला निघालेल्यांना घाबरवतो.

अल्नरचं आधी उरकतो, कारण तिथे वाद नाही. पंजातले बहुतेक छोटे स्नायू तिच्याच ताब्यात असतात. मीडियनच्या वाट्याला सहसा पाच येतात, त्यातले तीन या एकट्या शाखेवर. पण हे तिघे अंगठा तळव्यापासून वर उचलतात आणि फिरवून बोटांच्या समोर आणतात. त्यांची जागा पुरती भरून काढेल असा दुसरा स्नायू हातात नाही.

आता 'सगळीकडे हलतो' याबद्दल. हलणारच! अंगठ्याचं टोक वाकवणारा स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतो, त्याची नर्व्ह तिथेच वर फुटते. अंगठा बाजूला नेणारा लांब स्नायू रेडियल या तिसऱ्या मुख्य नर्व्हवर चालतो आणि तळव्याकडे ओढणारा स्नायू (अॅडक्टर) अल्नरवर. काही हातांत तर मीडियन आणि अल्नर तळव्यातच एकमेकींना जोडलेल्या असतात. हे सगळे मिळून वेळ मारून नेतात. त्यामुळे 'अंगठा हलवून दाखवा' ही तपासणीच नव्हे.

तपासायचं असं. हात टेबलावर उताणा ठेवायला सांगा आणि अंगठा सरळ छताकडे उचलायला लावा. बाजूला नेला तर तो रेडियलचा खेळ, तो मोजायचा नाही. उचललेला अंगठा एका बोटाने खाली दाबा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बुडाचा मांसल उंचवटा चाचपा. अॅबडक्टर ब्रेव्हिस (त्या तिघांतला, अंगठा वर उचलणारा स्नायू) काम करत असेल तर तो बोटाखाली टणक लागतो. मग अंगठा करंगळीला लावायला सांगा आणि नखावर नजर ठेवा. निरोगी हातात अंगठा गोल फिरून येतो, नख तळव्याला जवळजवळ समांतर होतं. शाखा गेली असेल तर अंगठा तळव्यावरून आडवाच घसरत करंगळीपर्यंत पोचतो. पोचतो, म्हणून घरचे निश्चिंत होतात. अशा माणसाला जाड बाटली धरायला द्या: अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी बाटलीला नीट टेकत नाही, फट राहते.

या शाखेची दुसरी गोम तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही, आणि मला ती जास्त काळजीची वाटते. ती त्वचेला संवेदना पुरवत नाही. त्या उंचवट्यावरच्या कातडीची शाखा मनगटाच्या वरच वेगळी होते. म्हणजे रिकरंट तुटली तरी ना मुंग्या, ना बधिरता. जखम छोटी, टाके घातले, माणूस घरी. काही आठवड्यांनी उंचवटा सपाट दिसू लागतो तेव्हा शंका येते. खरं तर वेळेत जोडली तर ही शाखा चांगला निकाल देते, कारण तुटलेल्या जागेपासून स्नायू अगदी जवळ असतो आणि नर्व्ह दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. पण वर्ष-दीड वर्ष नर्व्हविना राहिलेला स्नायू सहसा परत येत नाही. मग दुसऱ्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वळवून काम भागवावं लागतं.

राहिला घाबरवण्याचा मुद्दा. कार्पल टनेलच्या ऑपरेशनमध्ये मनगटावरचं लिगामेंट (आडवा चिवट पट्टा) कापतात. ही शाखा त्या लिगामेंटच्या संदर्भात कुठून जाते, याचे तीन मुख्य मार्ग संशोधक पॉइझेल यांनी १९७४ मध्ये मांडले: लिगामेंट संपल्यावर फुटून मागे वळणारी, लिगामेंटखालीच फुटणारी आणि लिगामेंट भेदून जाणारी. लान्झ यांनी १९७७ मध्ये या फरकांचं आणखी विस्तृत वर्गीकरण केलं. तिसऱ्या प्रकारात लिगामेंट चुकीच्या जागी कापलं तर शाखाही जाते. म्हणूनच सर्जन छेद करंगळीच्या बाजूला ठेवतात. शाखा काही वेळा त्याही बाजूने निघते, त्यामुळे नजर ठेवूनच कापलं जातं. हे माहीत असलेला पेशंट घाबरत नाही, सर्जनला नेमका प्रश्न विचारतो. उलट बुडाचा उंचवटा खंगायला लागला असेल तर ऑपरेशन लांबणीवर टाकणं जास्त महागात पडतं.

तुमच्या नातेवाइकाचे दोन्ही तळवे शेजारी ठेवून अंगठ्यांची बुडं बाजूने बघा. जखमेच्या हाताचं बुड सपाट दिसत असेल किंवा नख फिरत नसेल, तर त्यांना हाताच्या सर्जनकडे याच आठवड्यात न्या. काच लागून किती महिने झाले, हे तुम्ही लिहिलेलं नाही.