‘भोपळाच तो, फुटणारच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

विमानप्रवासात माझा तंबोरा फुटला आणि त्याची भरपाई मी कशी मागितली, यावर गेल्या महिन्यात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे शब्द जसेच्या तसे देते:

“मॅडम, नाजूक वाद्य सामानात टाकायचं, मर्यादित जबाबदारीच्या टॅगवर स्वतः सही करायची आणि मग कंपनीकडे पैसे मागायचे, हा निव्वळ कांगावा आहे. भोपळाच तो, फुटणारच. विमा काढायचा, नाहीतर जादा सीट घ्यायची. त्या कॅनडाच्या गिटारवाल्यासारखं गाजायचं असेल तर गोष्ट वेगळी.”

मतभेदाला माझी ना नाही. या विषयावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटले, त्यात दोन वकीलही होते, आणि त्यांच्याकडून मी शिकलेही. पण समोरच्याची वस्तू फुटलेली असताना तो नाटक करतोय असं बेधडक लिहून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? लेखात फोटो होते, कंपनीच्या काउंटरवर भरलेल्या तक्रार अर्जाची प्रत होती. ती पाहून तुम्ही हे लिहिलं असेल तर कमाल आहे, आणि न पाहता लिहिलं असेल तर मग बोलायलाच नको.

विम्याचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. वाद्याचा स्वतंत्र विमा निघत असेल तर काढावा, मी माझ्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगते. पण तो व्यवहार माझ्यात आणि विमा कंपनीत. त्यामुळे विमान कंपनीची जबाबदारी रद्द होत नाही.

आता ‘भोपळाच तो, फुटणारच’. हे वाक्य मी सोडून देणार नाही.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे मंडईतून आणलेला भोपळा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढा भागात शेतकरी तो मुद्दाम वाद्यासाठी लावतात. जाड सालीचा, घेर चांगला असलेला भोपळा वेलावर पक्का होऊ द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. मिरजेचे कारागीर तो कापतात, भिजवून आकार देतात, पुन्हा वाळवतात. मग त्यावर तून लाकडाचा गळा, दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, बसते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही उगीच नाही. नीट बनवलेला तंबोरा दोन-दोन पिढ्या वाजतो. जवारी, म्हणजे घोडी (तारांखालचा छोटा पूल) घासून आणलेला नाद, पुन्हा काढावी लागते, तारा बदलतात, खुंट्या घासतात. भोपळा आहे तिथेच असतो.

माझा तंबोरा माझ्या वडिलांचा. ते शाळेत संगीत शिकवायचे आणि आषाढी-कार्तिकीला मिरजेहून पंढरपूरला जायचे, तेही नॅरोगेजच्या गाडीने, ज्यांनी ती गर्दी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. गवसणी घातलेला तंबोरा दोन्ही पायांमध्ये उभा धरून ते बसायचे. बसायला जागा नसेल तर दारापाशी उभे राहायचे, पण तंबोऱ्याला कुणाचा धक्का लागू द्यायचे नाहीत. पुढे तोच तंबोरा एसटीने कोल्हापूरला गेला, सोलापूरला गेला, टेंपोत बसून गणपतीच्या कार्यक्रमांना गेला. माणसांनी हाताळला म्हणून टिकला. ‘फुटणारच’ असता तर माझ्यापर्यंत पोचलाच नसता. तुम्ही कधी तंबोरा मांडीशी घेऊन बसला आहात का, एवढंच मला विचारायचं आहे.

विमानात देताना मी तारा उतरवल्या होत्या, घोडीखाली मऊ कापड ठेवलं होतं, गळ्याला आणि भोपळ्याला फोमचा आधार दिला होता, वर फायबरची कडक केस. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच केस उघडली. केसचा भोपळ्याकडचा कोपरा बाहेरून आत दबलेला. तबलीच्या कडेपासून पाठीकडे गेलेली चीर, नख आत जाईल एवढी. गळ्याचा जोड उघडला होता आणि त्यात जुन्या सरसाची पिवळी कड दिसत होती. हवेच्या कोरडेपणाने भोपळ्याला बारीक तडा जाऊ शकतो, पण त्याने फायबरचा कोपरा दबत नाही. हे मिरजेच्या कारागिराने आपल्या पत्रात स्वच्छ लिहून दिलं.

एवढं सविस्तर सांगते आहे, कारण तुमचं हे वाक्य कंपनीनेही वापरलं होतं, फक्त सभ्य भाषेत. कायद्यात तशी एक पळवाट आहे. माझ्यासारख्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये आला आणि आपल्या १९७२ च्या विमान वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो जोडलेला आहे. त्यानुसार चेक-इन केलेलं सामान कंपनीच्या ताब्यात असताना मोडलं तर कंपनी जबाबदार. तिची चूक होती हे प्रवाशाने सिद्ध करायची गरज नाही. यातला मुख्य अपवाद असा: सामानातल्याच अंगभूत दोषामुळे नुकसान झालं असेल तर, आणि तेही त्या दोषामुळे जेवढं झालं तेवढ्यापुरतंच. तेव्हा ‘भोपळा म्हणजेच दोष’ हे मान्य केलं, तर देशातल्या कुठल्याच तंबोऱ्याला, सतारीला, रुद्रवीणेला कधी पैसा मिळणार नाही. तुम्ही ज्या सहजपणे ते वाक्य टाकलंत, त्याचा अर्थ हा होतो.

टॅगवरच्या सहीचं. नुकसान झालं तर कंपनीची जबाबदारी मर्यादित, असं सांगणारा हा टॅग काउंटरवर पुढे करतात, त्यावर ‘नाजूक’, ‘अपुरं पॅकिंग’, ‘आधीच मोडलेलं’ असे चौकोन असतात. माझ्या टॅगवर फक्त ‘नाजूक’वर खूण होती. मागे रांग असते, सही केली नाही तर वाद्य घेत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असतो. सही केली, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा करीन. ऑपरेशनआधी नातेवाईक संमतीच्या कागदावर सही करतात, म्हणून डॉक्टरने पोटात कात्री विसरली तर चालतं का? कराराच्या २६ व्या कलमात लिहिलंय की कंपनीची जबाबदारी काढून टाकणारी किंवा ठरलेल्या मर्यादेखाली आणणारी अट रद्दबातल आहे. करार राहतो, ती अट जाते. त्या टॅगचा उपयोग होतो तो पुरावा म्हणून: ‘अपुरं पॅकिंग’वर खूण असती तर कंपनीला बोलायला जागा मिळाली असती. म्हणूनच मी लेखात सांगितलं होतं की सहीआधी खुणा वाचा आणि टॅगचा फोटो काढा. तेवढा परिच्छेद तुम्ही वाचला असता तर बरं झालं असतं.

आणि मी मागितलं किती? ‘पैसे मागायचे’ असं तुम्ही लिहिता, जणू मी घर बांधायला निघाले होते. सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात. रुपयांत ती दर बघून बदलते, पण दीड लाखाच्या वरच जाते. ही कमाल मर्यादा झाली. नुकसान तेवढं झालं हे दाखवावं लागतं. मी नवा भोपळा, जोडकाम, पॉलिश आणि जवारी यांचं मिरजेचं अंदाजपत्रक जोडलं, त्यापलीकडे एक रुपयाही नाही. पहिल्या नकारानंतर कलमांचा उल्लेख करून पुन्हा लिहिलं, तेव्हा त्यांनी दुरुस्तीचा खर्च दिला. त्यांच्या स्वतःच्या विधी विभागाने कागद पाहूनच दिला असणार. तुम्हाला जे पटत नाही ते त्यांना पटलं. वडिलांच्या हातचा तो भोपळा गेला, त्याचे पैसे मी मागितले नाहीत, कुणी देऊही शकत नाही.

चिडायचंच असेल तर देशांतर्गत मर्यादेवर चिडा. ती २० हजार रुपये आहे. त्यात चांगल्या तंबोऱ्याचं काय होणार? पुणे-दिल्ली, मुंबई-कोलकाता असा सतत प्रवास करणारे साथीदार जास्त किंमत आधी जाहीर करून, जादा शुल्क भरून वाद्य देतात, किंवा सरळ रेल्वेने जातात. यावर कुणी लिहीत नाही.

जादा सीटबद्दल: घेता आली तर उत्तम. पुरुषी स्वराचा तंबोरा सीटवर बांधता येतो की नाही हे प्रत्येक कंपनी आपापल्या नियमाने ठरवते, आणि तिकीट कुणाच्या खिशातून येतं हे तुम्ही विचारलं नाहीत. असो.

राहता राहिला तो ‘गिटारवाला’. त्यांचं नाव डेव्ह कॅरोल. मार्च २००८ मध्ये हॅलिफॅक्सहून ओमाहाला जाताना शिकागोत त्यांची ३,५०० डॉलरची टेलर गिटार मोडली. कंपनीने दावा नाकारला, कारण तक्रार २४ तासांत केली नव्हती. दाद मागून मागून थकल्यावर जुलै २००९ मध्ये त्यांनी त्या प्रकारावर गाणं काढलं आणि ते गाजलं. गाजण्यासाठी गिटार मोडून घेणारा वादक मला अजून भेटायचा आहे. आणि त्यांच्या गोष्टीत आपल्या कामाचं आहे ते हे: करारात मोडलेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत करायची मुदत आहे. २४ तास हा कंपनीचा स्वतःचा नियम. कुणी तो तुमच्यापुढे नाचवला तर गप्प बसू नका. तरीही विमानतळ सोडण्याआधीच अर्ज भरलेला बरा, कारण तक्रार न करता सामान उचललं की ते धड मिळालं असंच धरून चालतात. दावा कोर्टात किंवा ग्राहक आयोगात न्यायला दोन वर्षं मिळतात, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. सांगलीच्या माणसाला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

तुम्ही पुन्हा लिहालच. टॅगबद्दल, मर्यादेबद्दल, कलमांबद्दल काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. भोपळ्याबद्दल पुन्हा तसंच काही आलं तर मी ते इथे ठेवणार नाही.