'माझे आवडते पुस्तक', गुण दहा

शाळेतल्या निबंधांमधून 'माझे आवडते पुस्तक' हा विषय कायमचा काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. 'मी पंतप्रधान झालो तर' खुशाल राहू द्या. त्यात निदान थापा मारायची परवानगी असते.

आमच्या अमळनेरात तर या निबंधाचं उत्तर ठरलेलंच. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, छात्रालयातल्या पोरांचं हवं-नको बघायचे, 'विद्यार्थी' मासिक काढायचे. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. मग इथलं पोरगं 'श्यामची आई' सोडून दुसरं काय लिहिणार? लिहिलंच तर घरचेच विचारतील, गुरुजींच्या गावचा ना रे तू?

त्यामुळे घरोघरी एकच निबंध. गाईडमधून उतरवलेला तोच आईचा पदर, तेच ओले तळपाय. बेचाळीस रात्रींच्या पुस्तकातल्या दोन रात्रीसुद्धा न वाचता. मला स्वतःला त्यातली पोहण्याची गोष्ट सगळ्यात जवळची. पाण्याला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई अक्षरशः झोडपते. वाचताना मला अजूनही तिचा राग येतो, आणि राग येतो म्हणूनच ती बाई खरी वाटते. गाईडमधल्या निबंधात ही आई कधीच येत नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली अवघ्या काही दिवसांत लिहून झालेलं हे पुस्तक. ते आवडायची सक्ती करून आपणच त्याची पार रया घालवली.

पण सक्ती नसती तरी मी एक नाव सांगू शकले असते का? नाही. 'श्यामची आई' म्हटलं की लगेच फास्टर फेणे सायकल घेऊन हजर होतो. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, त्याचं ते 'ट्टॉक्', आणि संकटात नाक खुपसायची खोड. मे महिन्यात दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर पालथं पडून मी त्याची पुस्तकं वाचली. शेजारच्या आजी डोकावून म्हणायच्या, "इतलं काय वाचस वं पोरी?" आता त्या दुपारला किती गुण द्यायचे आणि गुरुजींना किती?

'चांदोबा'तल्या वेताळाला मी घाबरायचे आणि तरी अंक हातात पडला की आधी तेच पान उघडायचे. याला आवड म्हणतात का, देव जाणे. विंदांची 'एटू लोकांचा देश' तर मी मोठेपणी वाचली, मुलीला वाचून दाखवताना. मग ते पुस्तक माझ्या लहानपणात मोजायचं की तिच्या? आणि बालकवी? जन्म इथे जवळच, धरणगावात. गेले भादलीच्या स्टेशनाजवळ, रेल्वेखाली, तिशीही गाठली नव्हती. भुसावळला जाताना भादली आलं की 'आनंदी आनंद गडे' नीट म्हणवत नाही. त्या कवितेला आवडती म्हणताना जीभ अडते, आणि नावडती तर ती नाहीच नाही.

माझी मुलगी पाचवीत आहे. तिने निबंधात दोन पुस्तकं लिहिली, 'तोत्तोचान' आणि एक फास्टर फेणे. 'तोत्तोचान'मधली रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा तिला फारच पटली. तिचे मामा भुसावळला रेल्वेत, तेव्हा डबे म्हणजे घरचाच मामला. वहीवर लाल शेरा आला : 'एकच पुस्तक निवडा.' गंमत बघा, त्याच पुस्तकात कोबायाशी मुख्याध्यापक पहिल्या भेटीत तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकत बसतात. तिला जे सांगावंसं वाटेल ते सगळं. यातलं एकच काहीतरी सांग, असं ते म्हणत नाहीत.

मुलांना विचारायचंच असेल तर कुठलं पुस्तक परत वाचलं, कुठलं अर्धवट टाकलं आणि का, हे विचारा. अर्धवट टाकलेल्यांबद्दल तर पोरं फार मनापासून बोलतात. आमच्या घरी त्यावर जेवणं लांबतात, कळण्याची भाकरी गार होते.

परवा आवराआवर करताना या सगळ्यातली काही पुस्तकं द्यावीत म्हणून मी वेगळी काढली होती. संध्याकाळपर्यंत एकेक करून सगळी कपाटात परत गेली. काही मी ठेवली, काही मुलीने. फेणेंच्या रांगेत मात्र एक जागा रिकामी आहे. वहिनी, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. उन्हाळ्यात नेलेलं पुस्तक रविवारी येताना घेऊन या.