मुखडा परत येतो तेव्हा

आल्बमची, यूट्यूबची गाणी लिहिणाऱ्या कोकणातल्या पोरांनी संगीत नाटकाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं. शब्द त्यांच्याकडे आहेत, ठेका आहे, मालवणी आहे. फक्त तयार गाण्यांची फाइल घेऊन तालमीला येऊ नये. नाटक तिथेच फसतं.

पॉल सायमनसारखा मोठा गीतकार याच वाटेवर अडखळला. 'द केपमन'ची गाणी 1997 साली आल्बम म्हणून आधी बाहेर आली, 1998 मध्ये नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उघडलं आणि 68 नियमित प्रयोगांत बंद झालं. गाण्यांचं कौतुक झालं, नाटक मात्र उभं राहिलं नाही. उलट सिंडी लॉपर पॉपमधूनच आली आणि 'किंकी बूट्स' या नाटकाच्या संगीतासाठी 2013 चा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार, घेऊन गेली. त्या विभागात एकटीने तो मिळवणारी ती पहिली बाई. तिथे गाणं पात्राच्या तोंडचं आहे, गायिकेच्या नाही.

आणि एवढं लांब जायचीही गरज नाही. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात काम करत होते, सुटसुटीत गाण्यांना चाली लावत होते. 1964 साली त्यांच्या संगीताचं 'मत्स्यगंधा' नाटक आलं आणि नाट्यपद आटोपशीर झालं. ताना-आलापांत अर्धा तास रंगणारं पद मागे पडलं, प्रसंग पुढे सरकू लागला. रेडिओची शिस्त त्यांनी रंगमंचावर आणली, म्हणून आजही त्या चाली जुन्या वाटत नाहीत.

आता मूळ मुद्दा. आल्बमचं गाणं साडेतीन-चार मिनिटांचं. मुखडा, अंतरा, मुखडा, अंतरा, मुखडा. मुखडा तोच राहतो, कारण तो लोकांच्या तोंडी बसायला हवा. नाटकात मुखडा परत येतो तेव्हा मधल्या वेळात काहीतरी घडलेलं असायला हवं. समजा एक म्हातारा खलाशी गातोय:

दर्यो माझो, होडी माझी, वारो माझो रे

आल्बममध्ये ही ओळ सहा वेळा चालेल. नाटकात पहिल्या अंतऱ्यात मुलगा होडी विकायची गोष्ट काढतो, दुसऱ्यात म्हातारा नांगराचा दोर त्याच्या हातात देतो. मग तीच चाल, तोच कहरवा, आणि ओळ होते:

दर्यो तुझो, होडी तुझी, वारो तुझो रे

तीन ठिकाणी 'मा'चा 'तु' झाला. फार काही लिहावं लागलं नाही, पण प्रेक्षक मान खाली घालतो. एक अडचण मात्र आहे: 'मा' दीर्घ, 'तु' ऱ्हस्व. जिथे 'मा' दोन मात्रा पसरला होता तिथे 'तु' ओढला तर 'तू' ऐकू येतो आणि अर्थ विस्कटतो. तो एका मात्रेत सोडून 'झो'वर थांबायचं. हे कागदावर कळत नाही, पेटीवर बसून गायल्यावरच कळतं.

मालवणीची एक देणगी इथे उपयोगी पडते. माझो, वारो, गेलो: शब्द 'ओ'वर संपतात, गळा मोकळा राहतो, सूर लांबवता येतो. वरच्या सुरावर 'ई', 'ऊ' किंवा ट, क असा अडणारा शेवट ठेवला तर दहाव्या प्रयोगापर्यंत नटाचा घसा बसलाच म्हणून समजा. स्टुडिओत गायक तुकड्या-तुकड्याने गातो, बेसूर जागा दुरुस्त होते. रंगमंचावर तोच माणूस नाचून, धापा टाकून गातो. म्हणून आल्बमच्या पट्टीपेक्षा एक-दोन पट्ट्या खाली या. तारसप्तकाचा पंचम विसरा, गंधारापर्यंत थांबा, तोही गाण्यात एकदाच.

ट्रॅकबद्दल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीबद्दल, माझं मत कडक आहे. दशावतारात संवाद बरेचसे आयत्या वेळी बोलले जातात, त्यामुळे राजा बाकड्यावरून कधी उठेल ते कुणालाच ठाऊक नसतं. पायपेटीवाला त्याच्या तोंडाकडे बघत चार मात्रांचा तुकडा घोळवत ठेवतो, मृदुंग दबका, आणि शेवटचा शब्द पडला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. ट्रॅक कुणाची वाट बघत नाही. टाळी आली, नट थांबला, तोवर गाणं दोन ओळी पुढे. शिवाय जत्रेत रात्री लाइट गेली तर गाणंही गेलं.

तरीही ट्रॅक वापरायचाच असेल तर तालमीच्या पहिल्याच दिवशी पेटीचा षड्ज ट्रॅकशी जुळवून बघा. जुनी पेटी थोडी चढी-उतरी असतेच. पेटी काही हलवता येत नाही, ट्रॅकच लॅपटॉपवर पाच-दहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर-खाली करा. आणि उघड्यावर दंव पडायला लागलं की मृदुंगाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, उतरते. पहिल्या प्रवेशाआधी लावलेला मृदुंग मध्यरात्री परत लावावा लागतो, तेवढा वेळ संहितेत सोडा. एखादा विनोदी प्रवेश, गाण्याशिवायचा, तिथे घाला म्हणजे वादकाला हातोडी घेऊन बसता येईल.