तो हिरवा किडा भुंग्याचं पिल्लू नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन फोटो फिरताहेत. एकात काळाभोर भुंगा, दुसऱ्यात काळ्या ठिपक्यांचा चमकता हिरवा किडा. खाली मजकूर: ‘विषारी बंबल बी पुण्यात आली आहे. हिरवं तिचं पिल्लू. दोघं लाकूड खातात, चावतात. दिसताक्षणी स्प्रे मारा.’ कोथरूडला आमच्या गच्चीवर काल यापायी दोन भुंगे मेले, म्हणून लिहितोय.

आधी पिल्लाचं. हा भुंगा मधमाशीच्या कुळातला, आणि त्या कुळात कुणाचंच पिल्लू असं बाहेर हिंडत नाही. ती बिनपायाची पांढरी अळी. घरट्यातच कोशात जाते आणि पंख फुटल्यावरच बाहेर येते. हिरवा किडा ढेकणाच्या जातकुळीतला, ढालीसारख्या पाठीचा. उलटा करून बघा, छातीला चिकटलेली सुईसारखी सोंड दिसेल. तिने तो झाडाचा रस शोषतो. मोगली एरंडावर नेहमी सापडतो. लाकूड कुरतडायला त्याला जबडाच नाही. डिवचलात तर घाण वास सोडेल, एवढंच.

काळा भुंगाही बंबल बी नव्हे, तो सुतार भुंगा. बंबल बी थंड मुलखातली, भारतात हिमालयाच्या पट्ट्यात राहणारी, पोटावरही दाट केस असलेली. आपल्याकडच्या सुतार भुंग्याचं पोट गुळगुळीत, तकतकीत असतं.

लाकूड खाण्याचं म्हणाल, तर मादी वाळका बांबू पोखरते, पण भुसा खाली टाकून देते. गच्चीवरच्या मांडवाचा मोडका बांबू मी चिरून पाहिला. आत ओळीने खोल्या, मध्ये भुशाचे पडदे, प्रत्येकीत परागाचा पिवळा गोळा आणि त्यावर एकच अंडं, बासमतीच्या दाण्याहून लांब.

तोंडासमोर घोंघावत राहतो तो बहुतेकदा नर, त्याला नांगीच नसते. मादीला असते, मुठीत धरलीत तर डंख मारेल आणि तो दुखेल. ॲलर्जी असलेल्याने तेव्हा दवाखाना गाठावा, मजकुरातली भीती तेवढ्यापुरती खरी.

आणि स्प्रे? वांगी-टोमॅटोच्या फुलांतले पराग थरथरवून काढावे लागतात. हे काम बंबल बी करते आणि सुतार भुंगाही; मधमाशीला ते जमत नाही. टेकडीवरच्या रुईलाही शेंगा धरतात त्या बऱ्याचशा याच्याच जिवावर. बांबू वाचवायचाच असेल तर त्याला तेलरंग द्या. रंगवलेलं लाकूड मादी सहसा टाळते.