‘मोबाइल आहे तरी नोकरी नाही, म्हणजे पोरगा आळशी’: या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला. शब्द इकडेतिकडे होतात, आशय तोच: “बेकारी हा आता निव्वळ बहाणा आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, लिंक्डइनमुळे कंपनी आणि उमेदवार थेट जोडले गेलेत, मध्ये एजंट नाही. वशिल्याचे दिवस गेले. एक पैसाही खर्च नाही. हातात मोबाइल असून ज्याला नोकरी नाही तो आळशी.” तिसऱ्या वेळी तो आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनीच टाकला. थोड्या वेळाने तो मुलगा काही न बोलता ग्रुप सोडून गेला. ते बघवलं नाही, म्हणून लिहितोय. मी आयटीआयमध्ये निदेशक आहे, फिटर ट्रेड शिकवतो. पास झालेली मुलं काम कशी शोधतात ते दरवर्षी जवळून बघतो.

एकेक वाक्य घेऊ.

“थेट, मध्ये एजंट नाही.” चाकण किंवा रांजणगाव या पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यांच्या नावाने चालणारा एखादा जॉब ग्रुप उघडून बघा. ‘नामांकित कंपनीत थेट भरती, दहावी ते आयटीआय, बस-कँटीन मोफत, आजच जॉइनिंग.’ कंपनीचं नाव बहुतेक वेळा नसतंच, असतो तो एक मोबाइल नंबर. तो लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा, नाहीतर त्या कॉन्ट्रॅक्टरला पोरं पुरवणाऱ्या तिसऱ्याच कुणाचा. पोरगा मशिनवर उभा राहतो कंपनीच्या, पण त्याचं नाव असतं कॉन्ट्रॅक्टरच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून एक तरतूद आहे: कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने, म्हणजे जिथे काम केलं त्या कंपनीने द्यायचा. हा हक्क मागायचा तर कंत्राटदार कोण आणि मूळ मालक कोण हे कामगाराला सांगता आलं पाहिजे. पहिल्या दिवसापासून एका नंबरवर विसंबलेल्या मुलाला यातलं एकही नाव धड माहीत नसतं. जुना एजंट निदान कुठल्या चौकात बसतो ते ठाऊक होतं. हा नंबर बंद झाला की संपलं.

कंपनीने स्वतः जाहिरात दिली तरी ती कोणाच्या स्क्रीनवर जाईल हे तिसराच ठरवतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फेसबुकवर नोकऱ्यांच्या जाहिराती पैसे भरून चालवल्या, आणि त्या बाई-पुरुष असा भेद न करता दाखवायला सांगितल्या. तरीही टोकाच्या उदाहरणांत लाकूडतोड उद्योगाच्या जाहिराती पाहणाऱ्यांत ९० टक्के पुरुष निघाले, आणि सुपरमार्केटमधल्या कॅशियरच्या जाहिराती पाहणाऱ्यांत ८५ टक्के बायका. हा फरक कोणत्याही मालकाने मागितला नव्हता, तो फेसबुकच्या यंत्रणेने केला. ज्याला जाहिरात दिसलीच नाही त्याला आपण काय गमावलं हेसुद्धा कळत नाही.

“वशिल्याचे दिवस गेले.” या वाक्याशी मी सगळ्यात जास्त भांडणार आहे. ओळखीने नोकरी मिळते ही गोष्ट काही आपल्याच मातीतली नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं, की नोकरीची बातमी घरच्यांपेक्षा लांबच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीकडून जास्त येते. ओळखीतून काम मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने बातमी दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? सहांपैकी पाच जण म्हणाले, क्वचित किंवा कधीमधी. कारण साधं आहे. घरच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं.

पुढे लिंक्डइनवरच हे तपासलं गेलं. पाच वर्षं, दोन कोटी लोक. कोणाला कोणत्या ओळखी सुचवायच्या हे बदलून बघितलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: मध्यम लांबच्या ओळखींनी नोकरी मिळायला खरोखर मदत होते. लोक इथपर्यंतच सांगतात. त्याच अभ्यासात पुढे असं आहे, की हा फायदा डिजिटल कामांच्या उद्योगांत दिसतो. जिथे काम तितकं डिजिटल नाही तिथे जवळच्या ओळखीच जास्त कामाला आल्या. माझ्या फिटर-वेल्डरांची दुनिया ही दुसरी आहे. तिथे चुलतभाऊ कुठल्या प्लांटला आहे यावर आजही ठरतं. ज्याचा कोणीच चुलतभाऊ कुठल्याच प्लांटला नाही, तो पाचशे अनोळखी लोकांना कनेक्शनची विनंती पाठवून तिथे पोचत नाही. मुंबई-पुण्यात वाढलेल्या इंजिनिअरला लांबची ओळख म्हणून मॅनेजर सापडतो. पाटोद्यासारख्या छोट्या गावच्या पोराला लांबची ओळख म्हणून दुसरा बेकार पोरगाच सापडतो.

आणि आडनाव? अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो अर्ज पाठवले. शिक्षण तेच, नावं वेगळी. २००७ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या हिशेबाने, उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याचं प्रमाण दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश होतं आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. तेव्हा समोर फक्त कागद होता. आता अर्ज वाचण्याआधीच फोटो दिसतो, गाव दिसतं, डीपीवर कोणाची जयंती साजरी केली तेही दिसतं. भेद करणाऱ्याचं काम यात सोपंच झालं.

“एक पैसाही खर्च नाही.” फॉर्म फी, गेटपास, युनिफॉर्मचं डिपॉझिट, मेडिकल, अशा नावांनी हे नंबरवाले पैसे मागतात. रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात, म्हणजे पोरगं पोलिसांत जाणार नाही. हे झालं किरकोळ. मोठं प्रकरण म्यानमारचं आहे. थायलंडमध्ये आयटी-मार्केटिंगच्या नोकऱ्या म्हणून सोशल मीडियावर जाहिराती, आणि विमानातून उतरल्यावर सरहद्दीपलीकडे नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपणं. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल उघड इशारा दिला होता. तरी मार्च २०२५ मध्ये दोन दिवसांत ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. ही मुलं आळशी नव्हती. मेसेज सांगतो तेच त्यांनी केलं होतं: मोबाइलवर नोकरी शोधली, धाडस करून गेली. परदेशी पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, आणि त्याने ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असा नियम आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. हे त्या मेसेजमध्ये एका ओळीत मावलं असतं.

“हातात मोबाइल असून…” कोणाच्या हातात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के. तेव्हापासून फोन वाढले, मान्य. पण माझ्या वर्गातल्या मुलीने अर्जात दिलेला नंबर अजूनही बऱ्याचदा भावाचा किंवा वडिलांचा असतो. फोन येतो तेव्हा ती घरी आणि फोन शेतात. एकीने स्वतःचा नंबर जॉब ग्रुपवर टाकला होता. कंपनीचा फोन एकही आला नाही. रात्री-अपरात्री नको तेच फोन इतके आले, की आठवड्यात घरच्यांनी सिम काढून घेतलं. तिला आळशी म्हणून दाखवा.

सोशल मीडियावरून नोकऱ्या मिळतात हे मी नाकारत नाही. आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर अधूनमधून असा मेसेज पडतो: ‘आमच्या टूलरूमला दोन फिटर पाहिजेत, कॉन्ट्रॅक्टवर, हातात १७ हजार पडतील, उद्या आठला गेटवर या, मी बाहेर येतो.’ एवढ्यावर मुलं लागली आहेत, टिकली आहेत. तो मेसेज चालतो, कारण पाठवणारा गेटवर उभा राहणार असतो. पैसे गेले, काम वेगळंच निघालं, तर मुलगा संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन जाब विचारू शकतो.

म्हणून त्या वडिलांना मी फोन केला. तुमच्या कारखान्यात जागा निघाली तर ग्रुपवर टाका, म्हटलं, पण चार गोष्टी लिहून: कंपनीचं नाव, पगार कोणाच्या नावाने निघणार, हातात किती पडणार, आणि गेटवर कोण भेटणार. आधी मात्र मुलाला परत ग्रुपमध्ये घ्या. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, सर, तुम्हीच घ्या त्याला, माझा फोन तो उचलत नाही.